कोयनेजवळच्या वसतिगृहात राहायला जाताना भूकंपाची आणि एकूण सुरक्षेची काय तयारी ठेवावी?

आपण विचारले आहे की, चिपळूणजवळच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला असून मुलींच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर खोली मिळणार आहे, मात्र आईने कोयनेचे नाव ऐकून धसका घेतला आहे. तेव्हा हा परिसर कितपत सुरक्षित समजावा आणि आपण काय तयारी करावी. मी याच भागात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली आणि काही वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला जवळून पाहायला मिळाल्या.

आईची भीती निराधार नाही. कोयनानगर चिपळूणपासून सरळ रेषेत सुमारे तीस किलोमीटरवर, कुंभार्ली घाटाच्या पलीकडे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे झालेल्या साडेसहाच्या आसपास तीव्रतेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या घरात माणसे दगावली आणि त्याचे हादरे कोकणपट्टीसह मुंबई-पुण्यापर्यंत जाणवले. कोयना धरणात पाणी साठू लागल्यानंतर, म्हणजे १९६२ पासून, या परिसरात धक्के सुरू झाले. साठ्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे मुळातच ताणाखाली असलेला प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली मोठी भेग, सरकतो, असे त्याचे सर्वसाधारणपणे मान्य झालेले स्पष्टीकरण आहे. हे धक्के आजही थांबलेले नाहीत. बहुतेक इतके सौम्य असतात की फडताळातली भांडी खणखणतात, ट्रक गेल्यासारखा आवाज येतो आणि गावातली जुनी माणसे कूसही बदलत नाहीत. पहिल्या वर्षी आलेल्या मुली मात्र घाबरून जिन्याकडे धावतात आणि इजा बहुधा त्या धावण्यातच होते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. कोयनेचा तो भूकंप पहाटे सव्वाचारनंतर झाला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंपही पहाटे चारच्या आधी काही मिनिटे झाला. भूकंपाला वेळेचे बंधन नसते हे खरे, पण वसतिगृहाने तयारी करायची ती याच वेळेची, कारण त्या वेळी सगळ्या मुली झोपलेल्या असतात आणि खालचे सरकते लोखंडी दार कुलूपबंद असते. मुलींच्या सुरक्षेसाठी म्हणून रात्री दहाला कुलूप लागते, खिडक्यांना पक्के गज असतात, मागचा जिना ‘बाहेरचे कोणी येऊ नये’ म्हणून कायमचा बंद केलेला असतो. पालकांना हे पाहून समाधान वाटते. त्यांचा दोष नाही. मीही सुरुवातीला असेच समजत होते.

एका पहाटे आमच्याकडे थोडा जोरदार धक्का बसला. इमारतीला काहीही झाले नाही. साठेक मुली अंधारात जिन्याने खाली आल्या आणि दारापाशी अडकल्या, कारण किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन फाटकाजवळच्या टपरीवर चहाला गेला होता. तो चार-पाच मिनिटांत आला असेल, पण मागून येणाऱ्या मुलींच्या रेट्याने पुढच्या मुली लोखंडी दारावर दाबल्या जात होत्या, आणि एकीचा पाय जिन्यात ठेवलेल्या मोडक्या खाटेत अडकून मुरगळला. आग लागली असती तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर आम्ही एक किल्ली दाराच्या आतल्या बाजूला काचेच्या पेटीत ठेवली, दुसरी प्रत्येक मजल्यावरच्या एका जबाबदार मुलीकडे दिली आणि मागचा जिना आतून कडी काढून उघडेल असा केला. तो उघडला की घंटा वाजते, त्यामुळे रात्री कोणी गुपचूप बाहेर पडण्याची व्यवस्थापनाची धास्तीही मिटली. खर्च किरकोळ आला. वाद मात्र दोन महिने चालला.

म्हणून प्रवेशाच्या दिवशी खोली पाहण्याआधी ते दार पाहा आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे आईच्या देखत विचारा. इमारत आरसीसीची आहे की चिऱ्याच्या भिंतींवर कौले चढवलेली जुनी आहे, तेही पाहा. जांभ्याचे चिरे वजनदार असतात. भिंतीत लिंटेलच्या, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरच्या तुळईच्या, पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा नसेल, तर मोठ्या धक्क्यात कोपरे उकलतात. खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींनी भरलेले मजले असतील, तर खालच्या खांबांची अभियंत्याकडून तपासणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

प्रत्यक्ष धक्का बसत असताना दुसऱ्या मजल्यावरून पळू नये. खाली बसावे, टेबलाखाली डोके व मान झाकून त्याचा पाय घट्ट धरावा; टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत उकिडवे बसून हातांनी डोके झाकावे. हलणे थांबल्यावर चपला घालून जिन्याने उतरावे, लिफ्ट वापरू नये. बाहेर आल्यावर मोकळ्या मैदानात जावे. आमच्याकडे आवाराभोवती जे गडगे असतात, ते चुन्या-सिमेंटाशिवाय नुसते रचलेले असतात आणि माणसे नेमकी त्यांनाच टेकून उभी राहतात. तेथून, विजेच्या तारांपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब राहावे. मेसच्या गॅसचा कॉक बंद करणे हे कोणा एका नेमलेल्या माणसाचे काम असले पाहिजे, आणि मैदानात खोलीवार हजेरी झाल्याशिवाय कोणीही वस्तू आणायला परत वर जाऊ नये.

खोलीत फार काही लागत नाही. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने आवळून घ्या आणि त्यावर ट्रंक ठेवू नका. खाट खिडकीच्या काचेखाली लावू नका. उशाशी विजेरी आणि शिट्टी, खाटेखाली बंद चपला एवढे असले की पुरे. विजेरी तशीही पावसाळ्यात रोजच लागेल.

बाकी सुरक्षेबाबत थोडक्यात सांगते. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक दोघांकडून घेतले जाते आणि त्याची राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे; तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावलेली आहेत का, ते पाहा. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक पाठ असू द्या.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. चिपळूणला दर वर्षी सतावणारे संकट पाण्याचे आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन्ही वेळी वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले होते, तेव्हा वसतिगृह नदीपासून किती उंचीवर आहे आणि मागे डोंगर तोडून केलेला उभा उतार आहे का, हे भूकंपाइतकेच पाहण्यासारखे आहे.

धक्क्यानंतर सगळे एकदम फोन लावतात आणि लाइन लागत नाही. आईशी आधीच ठरवून ठेवा की अशा वेळी आपण पुण्याच्या किंवा मुंबईच्या एखाद्या नातेवाइकाला ‘मी मैदानात आहे, ठीक आहे’ एवढा एकच एसएमएस पाठवाल आणि आई आपल्याला फोन न लावता त्यांना विचारेल.