मोका पॉटमधली कॉफी जळकट कडू का लागते?
मोका पॉट म्हणजे गॅसवर ठेवायचं दोन मजली कॉफीचं भांडं. आच मोठी आणि गॅस बंद करायला उशीर, बहुतेक वेळा एवढंच कारण असतं. खालच्या भांड्यात तयार होणारा दाब पाणी पुडीतून वर ढकलतो. पाणी संपत आलं की उरलेली वाफ पुडीतून जाते आणि सगळा कडवटपणा ओढून आणते. म्हणून छोटा बर्नर, मंद आच आणि झाकण उघडं. धार मधासारखी तपकिरी आहे तोवर ठीक. ती फिकट होऊन फसफसायला लागली की लगेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा. पाणी आधीच गरम केलेलं घ्या, सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली राहील इतकंच. पूड काठोकाठ भरा, पण दाबू नका. पुण्यात कॉफी दळून घेताना दुकानदार ‘चिकोरी किती?’ विचारतोच, शून्य सांगा. चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड. ती चिकट होते, जाळी तुंबते. ती दक्षिणी फिल्टरलाच शोभते. (मी आधी घरातली फिल्टरची पूडच यात घालत होतो. कॉफी वर चढेचना.) अर्थात बियाच काळ्याकुट्ट भाजलेल्या असतील, तर आच कितीही सांभाळा, थोडा कडूपणा राहणारच.