ऑइल गळतंय म्हणून ट्रॅक्टर बदलायचा का?

प्रश्न: कळमेश्वरजवळ चार एकर संत्रा आहे. १२ वर्षांच्या मिनी ट्रॅक्टरमधून ऑइल गळतं, महिन्याला अर्धा लिटर टाकावं लागतं. मिस्त्री ४० हजारांचं इंजिनकाम सांगतो. डीलर म्हणतो, जुना द्या, वर चार लाखांचं कर्ज घ्या. ११ टक्के, पाच वर्षं. काय करू?

भाऊ, आधी डीलरचं गणित. सहामाही हप्ता साधारण ५३ हजार येतो, पाच वर्षांत नुसतं व्याज १ लाख ३१ हजार. संत्र्याचा पैसा बहारावर येतो, हप्ता मात्र फळगळीच्या वर्षीही चुकत नाही. आणि हे सगळं कशासाठी? वर्षाला सहा लिटर, म्हणजे दोन-अडीच हजारांच्या ऑइलसाठी. ट्रॅक्टरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला, हे डीलर सांगेलच. सांगू द्या.

पण मिस्त्रीलाही इतक्यात हो म्हणू नका. गळतं कुठून, हे तुमच्या पत्रात नाही, आणि सगळा खर्च त्यावरच ठरतो. ऑइल वरून ओघळतं. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्याखाली, थेंब दिसला म्हणजे दोष चेंबरचाच असं नाही. इंजिन डिझेलनं धुऊन कोरडं पुसा, अर्धा तास चालवा आणि वरून खाली बघत या. दोष टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, गॅस्केटमध्ये निघाला तर काम थोडक्यात भागेल. ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी नळी, चोंदला असेल तर आतला दाब वाढून धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर येतं. तो आधी साफ करून घ्या, खर्च जवळपास शून्य.

क्लचच्या बाजूनं गळत असेल तर बहुधा मागची क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारी कडी. सील स्वस्त, मजुरी महाग, कारण ट्रॅक्टर मधोमध खोलून दोन भाग करावे लागतात. क्लच प्लेट झिजलेली असेल तर तीही तेव्हाच बदला, नाहीतर तीच मजुरी दोनदा द्याल.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून पाहा. धूर जोरात फुसफुसत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याची शंका घ्या. ४० हजारांची बोलणी तेव्हाच, तीही पार्टनिहाय लेखी अंदाज घेऊन. तरी ते एका वर्षाच्या हप्त्यांच्या निम्म्याहून कमी.

पैशासाठी एफडी मोडू नका. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना शेतीसाधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी पीककर्जाच्या २० टक्के रक्कम धरतात. व्याजाची सवलत त्या भागाला लागते का, एवढं शाखेत विचारून घ्या.

गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिकही कुरकुरत असेल तर कळवा, मग माझं उत्तर बदलेल.