चिखलदऱ्यात कीचक आला कुठून?

नागपूरच्याच एका वाचकाने विचारलं आहे: अमरावती जिल्ह्यातल्या थंड हवेच्या चिखलदऱ्याचं मूळ नाव 'कीचकदरा' होतं, हे खरं का? 'चिखलदराला जातो' बरोबर की 'चिखलदऱ्याला'? आणि त्याला गाव म्हणायचं की शहर?

कीचकाची गोष्ट तिथे गेलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. पण ही गोष्ट नावापेक्षा शेजारच्या डोंगरामुळे जन्मली असावी. जवळच वैराट हा गाविलगड रांगेतला उंच माथा आहे. वैराट म्हटलं की विराट राजा आठवतो, विराट आला की त्याचा मेहुणा कीचक येतो, आणि कीचक आला की भीमाला यावंच लागतं. मग दरी कीचकाच्या नावावर चढवायला कितीसा वेळ! मात्र 'कीचक'चं 'चिखल' व्हायचं तर शेवटच्या 'क'चा 'ल' व्हायला हवा, आणि मराठीत तसं होत नाही. इंग्रजी अमदानीतल्या लिखाणात हे ठिकाण 'चिकलदा' म्हणून येतं. म्हणजे 'ल' तेव्हाही होताच. मला तरी चिखल अधिक दरा ही साधी फोडच पटते. सुमारे अकराशे मीटर उंचीचं पठार, त्यावर सातपुड्याचा पाऊस, चिखल होणारच. नावात चिखल नको वाटतो, म्हणून पुराण धावून येतं. चिखलठाण्याला आणि चिखलीला कुणी कीचक नेऊन ठेवत नाही, कारण तिथे कुणी सहलीला जात नाही!

इतिहासच हवा असेल तर शेजारचा गाविलगड किल्ला घ्या, तो तर नागपूरकरांच्या घरचा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडून जिंकला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला तो त्या तहात.

गाव की शहर? कागदोपत्री शहर. वस्ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास, पण तिथे गिरिस्थान नगरपरिषद आहे, आणि नगरपरिषद असली की जनगणनेत लोकसंख्या न पाहता शहर धरतात. नगरपरिषद नसलेल्या वस्तीलाच पाच हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला चारशेची घनता आणि पंचाहत्तर टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेरचे, या अटी लागतात. बोलताना खुशाल गाव म्हणा.

आता रूप. 'दरा' आकारान्त पुल्लिंगी, म्हणून प्रत्ययाआधी 'दऱ्या': चिखलदऱ्याला, चिखलदऱ्यात, चिखलदऱ्याहून. भंडारा-भंडाऱ्याला, सातारा-साताऱ्याला, तसंच. 'चिखलदराला' ही हिंदीची सवय. हल्ली आपल्याकडे 'भंडाराला'ही ऐकू येतं. लिहिताना 'र'चा रफार करू नका. 'चिखलदर्याला' लिहिलं की चिखलाचा समुद्र होतो. आणि घरी 'चिखलदऱ्याले चाललो' म्हणत असाल तर बिनधास्त म्हणा. 'ले' हा वऱ्हाडी प्रत्यय, पण त्याआधीचं 'दऱ्या' शंभर टक्के व्याकरणशुद्ध आहे.