मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका, काकू
काकू, संभाजीनगरला मोतीबिंदू दाखवायला जाताय तर बुबुळाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, फुक्सचा आजार आहे (आतल्या थराच्या पेशी कमी होऊन पडदा सुजतो) हे डॉक्टरांना आधी सांगा. स्पेक्युलर मायक्रोस्कोपी करून घ्या. त्यात बुबुळाच्या आतल्या थराच्या पेशी मोजतात. या पेशी गेल्या की परत येत नाहीत, अन् ऑपरेशनमध्ये थोड्या जातातच. आपल्याकडे म्हणतात, 'पिकू द्या.' ऐकू नका. मोतीबिंदू कडक झाला की फोडायला मशीनची ताकद जास्त लागते, त्याचा मार बुबुळाला बसतो.

सकाळी धुरकट अन् दुपारी स्वच्छ दिसतं का, तेही सांगा. मलाही हाच आजार; सकाळी चुलीवरची भाकरी फुगलेली कळायची नाही, हातानं चाचपायचे. ऑपरेशननंतर तीन आठवडे धुकंच होतं, फार घाबरले. बुबुळाची सूज हळूहळू उतरली. नाहीच उतरली तर आतला थर बदलता येतो, तेही आधीच विचारून ठेवा.