ओरडले तर आवाज जाड येतो, मग काय करू?

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची ट्रान्स वुमन आहे, डोंबिवलीला राहते, कॉल सेंटरला आहे आणि शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. गेल्या महिन्यात स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडपाशी एकाने मागून ओढणी खेचली आणि मला ओरडताच आलं नाही. कारण ओरडले की आवाज जाड येतो, मग सगळ्यांना कळतं, आणि कळलं की लोक मदत करायचं सोडून हसत बसतात. मैत्रीण म्हणते पर्समध्ये चाकू ठेव. मी पेपर स्प्रे घेऊ का कराटे लावू? हॉर्मोन्स चालू होऊन तीन वर्षं झाली, अंगात पहिल्यासारखी ताकद पण नाहीये.

उत्तर: अगं, चाकूचं आधी सांगते म्हणजे तो विषय संपेल. नको. झटापटीत चाकू समोरच्याच्या हातात जायला किती वेळ लागतो, आणि आपल्याकडे पोलीस आयुक्त अधूनमधून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७चा मनाई आदेश काढतात त्यात शस्त्र बाळगायला बंदी असते, म्हणजे मार तू खाल्लास आणि झडतीत चाकू पण तुझ्याच पर्समध्ये सापडला असं व्हायचं. आणि आपल्यापैकी कुणाकडे चाकू सापडला की चौकीत काय गोष्ट रचली जाते ते मी तुला सांगायला नको.

पेपर स्प्रे घे, त्याला लायसन्स लागत नाही. पण पर्सच्या तळाशी लिपस्टिक, चार्जर आणि डब्याच्या खाली पडलेला स्प्रे काय कामाचा, चालताना तो हातातच पाहिजे. घरी आणलास की गच्चीवर जाऊन एकदा मारून बघ, किती लांब जातो ते कळतं, वारा तुझ्याकडे येत असेल तर तुझेच डोळे जळतील हे पण कळतं. एक्सपायरी बघत जा. आणि बंद डब्यात लोकलमध्ये मारलास तर तुझ्यासकट सगळा डबा खोकत बसेल, तिथे नको.

आता आवाजाचं. मला वाटतं तुझा खरा प्रश्न हाच आहे, स्प्रे न् कराटे नंतरचं. मी पण ट्रान्स बाई आहे, सुरुवातीची कितीतरी वर्षं मी रिक्षावाल्याला पत्ता सुद्धा कुजबुजत सांगायचे, त्यामुळे तू लिहिलंयस ते वाचून पोटात गोळा आला. आपण आवाज बारीक करायला, मान खाली घालून चालायला इतकं शिकतो की नेमका गरजेच्या वेळी गळाच बंद होतो, आणि छेडणाऱ्याला हेच हवं असतं, त्याला माहीत असतं की ही ओळख लपवतीये म्हणजे बोंब मारणार नाही. मग मार ना बोंब, जाड तर जाड. जाड आवाज लांब जातो! आणि नुसतं "वाचवा" नको, एकाला धरून बोलायचं, "ओ पांढरा शर्टवाले दादा, हा माणूस मला त्रास देतोय, ११२ लावा." सगळ्यांना उद्देशून ओरडलं की सगळे एकमेकांकडे बघतात, एकाला पकडलं की त्याला हलावं लागतं. घरात उशीत तोंड घालून रोज पाच मिनिटं ओरडायची प्रॅक्टिस कर, हसू नकोस, मी केलीये.

डेऱ्यातल्या, म्हणजे गुरूकडे एकत्र राहणाऱ्या हिजडा बायका बघ, त्यांचं पहिलं हत्यार टाळी. एक कडक टाळी वाजली की चार माणसं दोन पावलं मागे सरतात. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींना टाळीची लाज वाटते, मला पण वाटायची, आता नाही वाटत. तुला नसेल वाजवायची तर नको वाजवूस, शिट्टी ठेव किचेनला.

पण लोक धावून येतीलच असं मी लिहून देणार नाही. २०१८ साली हैदराबादला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने एका ट्रान्स बाईला मारून टाकलं होतं. म्हणून नुसत्या गर्दीकडे पळायचं नाही, उघडं मेडिकल, एटीएमचा वॉचमन, बायका बसलेला बाकडा, स्टेशन मास्तरची केबिन, यांच्याकडे पळायचं. रोजच्या रस्त्यावर अशी तीन-चार ठिकाणं आजच बघून ठेव. रात्री लेडीज डब्यात बहुतेक वेळा पोलीस असतो, त्याच्या जवळपास बस. रेल्वेसाठी १३९, मुंबईच्या रेल्वे पोलिसांचा १५१२, दोन्ही सेव्ह कर. बऱ्याच नवीन अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, सेटिंगमध्ये ते चालू आहे का बघून घे.

क्लास लावायचाच तर वर्षभराच्या बेल्टपेक्षा सुटका करून घ्यायला शिकवणारा बघ. मनगट धरलं तर मागे ओढत बसू नको, त्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवून झटका दे, पकड तिथेच कच्ची असते. केस धरले तर त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर दाबून धर आणि त्याच्या दिशेने जा, लांब ओढलंस तर जास्त दुखतं. विग असेल तर जाऊ दे विग! ओढणी गळ्याभोवती गुंडाळून चालू नकोस. तळहाताचा टणक भाग नाकावर, गुडघा जांघेत, आणि पळ, जिंकायला थांबायचं नाहीये. ताकद कमी झाल्यासारखी वाटते ते बरोबर आहे, टेस्टोस्टेरॉन उतरलं की स्नायू हळूहळू कमी होतात, म्हणून पूर्वीच्या अंदाजावर हिशोब नको. सर्जरी झाली असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लाथा मारायचं ट्रेनिंग नको.

प्रश्न: मी ट्रान्स महिला, पुणे. एका माणसाने भर रस्त्यात अंगाला हात लावला आणि मारलं. चौकीत सांगितलं की विनयभंगाचं कलम बाईसाठी असतं, तुम्हाला लागत नाही, आणि मला परत पाठवलं. खरंय का हे?

उत्तर: कलमावर वाद आहे, पण परत पाठवणं चुकीचंच. भारतीय न्याय संहितेचं विनयभंगाचं कलम ७४ "स्त्री" म्हणतं, म्हणून पोलीस हात वर करतात. पण सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ च्या ट्रान्स लोकांच्या हक्कांवरच्या 'नालसा' निकालात आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क मान्य केलाय, आणि मुंबई हायकोर्टाने २०२३ मध्ये सर्जरी झालेली ट्रान्स बाई घरगुती हिंसाचार कायद्याखाली दाद मागू शकते असं सांगितलंय. शिवाय मारहाण (११५), वाट अडवणं (१२६), धमकी (३५१) ही कलमं कुणालाही लागतात, त्यात बाई-पुरुष बघायचा प्रश्नच नाही. २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा पण आहे, तो आला तेव्हा कलम १८ मध्ये लैंगिक अत्याचाराला सुद्धा सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा होती, बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं, हा हिशोब बघून चळवळीतल्या लोकांनी आरडाओरडा केला होता आणि तो बरोबरच होता.

तुम्ही काय करा, अर्जात कलमांचे आकडे घालू नका, घडलं ते जसंच्या तसं लिहा, कुठे, किती वाजता, काय बोलला, कुठे हात लावला, कोण बघत होतं. कलम लावणं त्यांचं काम. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो नंबरने, आणि तिची कॉपी फुकट मिळते. नाहीच घेतली तर तोच अर्ज पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्यांना पाठवा, पुण्यात म्हणजे डीसीपींना, पोचपावती जपून ठेवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मोफत वकिलासाठी १५१००. एकट्या जाऊ नका, आणि त्या दिवसाचे कपडे अजून धुतले नसतील तर धुऊ नका.

प्रश्न: माझी मुलगी (आधी मुलगा होती) नोकरीसाठी शहरात गेलीये आणि मोबाईल अॅपवरून लोकांना भेटते. मला झोप लागत नाही. तिला अॅप बंद करायला सांगू का? — एक आई, सातारा

उत्तर: काकू, तुम्ही "मुलगी" लिहिलंत ना, तिथेच तिचं निम्मं काम झालं. अॅप बंद कर म्हणालात तर ती चालूच ठेवेल, फक्त तुम्हाला सांगायची नाही. त्यापेक्षा ठरवून घ्या, की पहिली भेट हॉटेलात किंवा कॉफी शॉपमध्ये, आधी व्हिडिओ कॉल, जाताना तुम्हाला किंवा मैत्रिणीला लाईव्ह लोकेशन. अशा भेटीत फोटो काढून, घरी सांगतो म्हणून पैसे उकळणारे लोक असतात, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत "घरी सांगतो" ही धमकी चालणारच नाही, कारण घरी माहितीये. हे तिला एकदा फोनवर स्पष्ट सांगा, की कुणी असं बोललं तर मला लगेच फोन कर, रात्री दोनला पण.