सगळं सोडलं, तेवढं एक राहिलं

"ताई, माझ्या खाण्यामुळेच बाळाला त्रास होतोय ना?" हा प्रश्न ऐकल्याशिवाय माझा आठवडा सरत नाही.

मागच्या पावसाळ्यात आलेली ती अशीच. बाळ अडीच महिन्यांचं, निव्वळ अंगावर पिणारं. वजन छान वाढत होतं, पण शीतून आव पडायची आणि दोनदा रक्ताचे धागेही दिसले होते. डॉक्टरांनी बाळाला तपासून, आईच्या आहाराकडे बघायला माझ्याकडे पाठवलं होतं. तिने पर्समधून वही काढली. त्यात सोडलेल्या पदार्थांची यादी: वांगं, बटाटा, हरभराडाळ, तूरडाळ, कोबी, शेंगदाणे, तिखट, आंबट. पानात उरला होता मऊ भात आणि मुगाचं वरण. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"दूध किती घेतेस?"

"सकाळ-संध्याकाळ मोठा पेला. शिवाय अळिवाची खीर. आई म्हणतात, दूध प्यायल्याशिवाय दूध कसं येणार?"

मी वही तिच्याकडे फिरवली. "या यादीत काय नाही, ते बघ."

ती पानावरून बोट फिरवत राहिली. एकदा, दोनदा. मग बोट थांबलं. "दूध?" असं म्हणाली आणि रडायलाच लागली. मी रडू दिलं. अडीच महिने ती स्वतःला शिक्षा करत होती आणि तिची चूक काहीच नव्हती.

हरभराडाळीचा वारा आईच्या आतड्यात धरतो. तो दुधात उतरत नाही. गाईच्या दुधातल्या प्रथिनांचे अंश मात्र उतरतात आणि मोजक्या बाळांना ते सोसत नाहीत. म्हशीचं किंवा शेळीचं दूध घेऊनही सुटका नाही, प्रथिनं बरीचशी सारखीच. आणि आव नाही, रक्त नाही, वजन वाढतंय, फक्त संध्याकाळी रडतं, अशा बाळाच्या आईने काहीही सोडू नये. हे रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं.

माझा आग्रह नेहमी एकच: एका वेळी एकच पदार्थ सोडायचा, ठरावीक दिवसांपुरता, आणि मग तो परत खाऊन बघायचा. परत खाणं टाळलं, की खात्री कधीच होत नाही.

दूध, दही, ताक, पनीर, खवा, चाचणीपुरतं तूपही बंद केलं. बाकीची यादी तिने स्वतःच खोडली. कॅल्शियमसाठी नाचणी (100 ग्रॅममध्ये साधारण 340 मिलिग्रॅम), तीळ, सुकट आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. दहाव्या दिवशी शी स्वच्छ झाली. चौथ्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून तिने अर्धी वाटी दही खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी आव परत. म्हणजे दूधच. डॉक्टरांनी बाळ वर्षाचं होत आलं की पुन्हा बघू म्हणून सांगितलं.

पुढच्या भेटीला सासूबाई सोबत आल्या होत्या. डब्यात भरल्या वांग्याची भाजी, आणि नारळाच्या दुधातली अळिवाची खीर. "ही चालेल ना हो हिला?" त्यांनी विचारलं.


"चालेल की," सून म्हणाली आणि माझ्या आधी तिनेच झाकण उघडलं.