शोकसभेत पहिल्यांदा बोलताना

अगं, काकांच्या शोकसभेत बोलायला घाबरू नकोस. पर्वतीच्या 103 पायऱ्या रोज काकांसोबत तूच चढायचीस, तेव्हा तूच बोलायला हवं. तीनच मिनिटं बोल. जन्मतारीख, नोकरी, सत्कार हे निवेदक सांगतील. तू एकच प्रसंग सांग, पण नीट: कुणाला दम लागला की काका मुद्दाम बुटाची नाडी बांधायला वाकायचे, त्याला थांबायचा संकोच वाटू नये म्हणून. हे ऐकून काकू मान वर करतील बघ.

नवखे इथेच चुकतात:
- 'न भरून येणारी पोकळी' वगैरे म्हणतात. नको.
- आजारपण उगाळतात. घरच्यांसमोर अजिबात नको!

रडू आलं तर थांब, पाणी पी. लोक थांबतात. कागद हातात ठेव, मोबाईल नको. आणि घरी एकदा मोठ्यानं वाचून ये.